प्रेमलताबाईंचा सक्शन पाइप

वसईकडच्या निर्मळ गावात देवाधर्मावरून वाद होत नाहीत. सगळे वाद पंपावरून होतात. जवळजवळ प्रत्येक बागायती वाडीत एक बावखल म्हणजे तळं, तळ्याकाठी पंप, आणि पंपाबद्दल घरटी किमान दोन मतं, अशी गावाची जुनी व्यवस्था आहे. पंप पाणी उचलेनासा झाला की चर्चमधून परतणारे आणि देवळाकडे निघालेले एकाच बांधावर थांबतात आणि दोघेही सक्शनच्या, म्हणजे पाणी खेचणाऱ्या, पाइपकडे संशयाने बघतात.

प्रेमलताबाई या विषयातल्या अधिकारी व्यक्ती. लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा, नरहरी, सरकारी खात्यात कारकून होता. तो उजाडता जायचा, अंधारलं की यायचा. त्यामुळे केळी, मोगरा आणि त्यांना पाणी पाजणारा पंप यांचं पालनपोषण बाईंकडे आलं. पंपाचं सील बदलणं, पाइपच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या फुटवॉल्व्हमधला कचरा काढणं, पाइपला कुठे बारीक चीर गेली ते शोधणं ही कामं त्या भात शिजायला ठेवून करून येत.

पण कुठे जायचं म्हटलं की जागा एकच, स्कूटरची मागची सीट. मांडीवर केळ्यांची फणी आणि समोर नरहरीची पाठ. नरहरीला काचबिंदू झाल्यावर ती पाठही गेली. मग वसईला जायचं तर कोण जाणारं आहे का विचारा, केळव्याला जयवंतीकडे, म्हणजे सख्ख्या बहिणीकडे, जायचं तर कुणाच्या तरी सवडीची वाट बघा. लोक नाही म्हणत नसत. ‘बघतो हं’ म्हणत. ‘बघतो हं’ला उत्तर देता येत नाही.

अशात मुलगा विपुल ठाण्याला राहायला गेला, त्याला कंपनीची गाडी मिळाली आणि त्याची जुनी जर्मन गाडी वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. ती विपुलने ऐन उमेदीत, सेकंडहँड आणि कुणाचंही न ऐकता घेतली होती. तिला सुपरचार्जर होता, तो चालताना शिट्टी घालायचा. जाताना तो आईला म्हणाला, बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा चालू करत जा. प्रेमलताबाईंनी ‘चालू’ या शब्दाचा थोडा व्यापक अर्थ घेतला आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय पंचावन्न पार. शिकवणारा पोरगा पहिल्या दिवशी घाबरला होता, बाई नव्हत्या. क्लच, ब्रेक आणि कुत्रा यांचा मेळ बसायला वेळ लागला, पण बसला. आमच्या गावाला त्या सुपरचार्जरच्या शिट्टीची सवय झाली. शिट्टी वाजली की कळायचं, बाई निघाल्या. जयवंतीकडे बहीण आता न कळवताच जाऊ लागली.

मग घुशीने गाडीची नळी खाल्ली.

बाहेरची हवा फिल्टरच्या डब्यात आणि तिथून सुपरचार्जरपर्यंत नेणारी ही प्लास्टिकची नळी. जर्मन प्लास्टिक बहुधा चविष्ट असावं, कारण घुशीने शेजारच्या देशी वायरींना तोंडही लावलं नाही. गाडी सुरू व्हायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. हा भाग आता येत नाही, आला तर परदेशातून आणि कधी ते सांगता येणार नाही, असं कळलं. फोनवर विपुलने निर्णय दिला. दुरुस्त होत नसेल तर भंगारात. झालीच तर विरारचा अल्पेश जुन्या गाड्यांचा धंदा करतो, तो घेईल. आईने या वयात एकटीने हायवेला जाणं त्याला तसंही पसंत नव्हतं. महिन्याअखेरच्या रविवारी अल्पेशला घेऊन येतो, म्हणाला.

गाडी विपुलच्या नावावर. बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवून पंपाच्या खोलीत गेल्या.

नरहरी कारकुनी शिस्तीचा माणूस. त्याने पेच मांडून दाखवला. “अगं, दुरुस्त नाही झाली तर भंगारात जाणार, झाली तर विकली जाणार. दोन्हीकडून गाडी जातेच आहे. मग ही धडपड कशाला?”

“बंद गाडीसाठी भांडता येत नाही,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “चालती असली की तोंड तरी उघडता येतं.”

वालीवला जितेशचं गॅरेज आहे. मूळचा मनवेलपाड्याचा, जेमतेम तिशीचा, आणि गिऱ्हाइकाला आधी घाबरवून मग धीर देणारा. तो बाइकवरून येऊन बॉनेटमध्ये डोकावून गेला. त्याने सांगितलं ते असं की सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारं यंत्र, पुढून हवा खेचतं आणि मागून दाबून इंजिनात भरतं.

“म्हणजे पंपच की,” बाई म्हणाल्या.

जितेशने मान डोलावली. “तसं बोला ना काकी, पंपच. पण मागच्या बाजूला हात नाय लावायचा. तिकडे प्रेशर आहे, गरम पण आहे. पुढची साइड आपण कायतरी करू.”

मागची बाजू डिलिव्हरी, पुढची सक्शन. यात बाईंना नवीन काहीच नव्हतं. साधी नळी तिथे चालणार नाही, ओढ बसली की ती चपटी होते, हेही जितेशने सांगण्याआधी त्यांना माहीत होतं. पंपाच्या खोलीत हिरवा सक्शन पाइप उरलेला होता. आत कडक वेटोळं असलेला, कितीही ओढ बसली तरी न दबणारा, गावातल्या प्रत्येक बावखलात एक टोक बुडवून बसलेला तो हिरवा पाइप. त्यांनी तो करवतीने कापला, दोन्ही टोकांना लोखंडी क्लिपा आवळल्या आणि गाडी सुरू केली. गाडीने आधीपेक्षा जरा सभ्य आचके दिले.

इथून पुढे पंपाच्या ज्ञानाने बाईंना जेवढी मदत केली तेवढंच गोत्यात आणलं.

जोडातून हवा जात होती, एवढं उघड होतं. फिल्टरच्या डब्यापाशी एक सेन्सर असतो, आत येणारी हवा तो मोजतो आणि त्या मापाने पेट्रोल सोडलं जातं. त्याच्या पुढे कुठून चोरून हवा शिरली की हिशेब चुकतो. पंपाच्या सक्शनला चीर गेली की तो हवा धरतो, तसंच. तर पंपाच्या जोडाला निर्मळमध्ये पिढ्यानपिढ्या जे लावतात, तेच बाईंनी गाडीला लावलं, शेण आणि चिकणमाती समप्रमाणात मळून. शेजारचे आलोशियस मास्तर, निवृत्त शिक्षक आणि स्वतःच्या पंपाशी गेली कैक वर्षं अबोला धरून असलेले गृहस्थ, पाहायला आले होते. त्यांनी लेप थोडा जाड हवा, असं मत दिलं.

इंजिन तापलं तसा लेप वाळला, वाळला तसा तडकला. एसी लावल्यावर जर्मन गाडीच्या आत गोठ्याचा वास भरला. नरहरी मागे बसला होता. तो म्हणाला की गाडी आता कुठे घरची वाटते. जितेशला मात्र हसू आलं नाही. लेपाचा खडा आत खेचला गेला असता तर सुपरचार्जरचं भजं झालं असतं, असं सांगून त्याने बाईंकडूनच सगळा जोड उकलवून, धुववून घेतला. त्या निमूटपणे धूत होत्या. इतक्या निमूट त्या सासूसमोरही कधी नव्हत्या, असं नरहरीचं म्हणणं.

मग त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा रबरी पट्टा कापून क्लिपेखाली घातला. हा उपाय जितेशने लगेच मान्य केला. पण कुठेतरी अजून चोरटी हवा होती आणि ती डोळ्यांना दिसत नव्हती. शेवटी नरहरी उठला. नजर अधू झाल्यापासून त्याचे कान फार तिखट झाले होते. कोणत्या केळीवर वटवाघूळ बसलंय ते तो ओटीवरून सांगे. इंजिन चालू ठेवून त्याने एक बारीक रबरी नळी कानाला लावली, जितेशने तिचं दुसरं टोक जोडावरून हळूहळू फिरवलं. डॉक्टर रोग्याची छाती तपासतो तसं बराच वेळ चाललं.

“इथं,” नरहरी म्हणाला. “सुस्कारे टाकतेय.”

फिल्टरच्या डब्यातून पाइप निघतो तिथल्या कडेला केसाएवढी चीर होती. ती बुजवल्यावर गाडी शांत झाली आणि तिची जुनी शिट्टी परत आली. किंबहुना जरा वरच्या पट्टीत आली.

दुसरी चूक पुलावर कळली. सक्शन जितका आखूड तितका बरा, हा पंपाचा पहिला नियम. म्हणून फिल्टरच्या डब्यात हवा घेणारं तोंड बाईंनी अगदी जवळ, इंजिनशेजारीच ठेवलं होतं. भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, वालीवला जाताना पुलाच्या चढावर गाडीचा जीव गेला. बंद पडली नाही, पण बैलाने मान टाकावी तशी चालू लागली. मागून हॉर्नांचा गजर. एक टेम्पोवाला शेजारून जाताना म्हणाला, “मावशी, उतरून ढकला, लवकर पोचाल.” मावशींनी काच वर केली आणि त्याच चालीने वालीव गाठलं.

जितेशने बॉनेट उघडून हात आत धरायला सांगितला. धरवेना. तापलेली हवा विरळ असते, ती पोटभर प्यायली तरी इंजिन उपाशी, असं त्याने समजावलं. हिरवा पाइपही एका अंगाने मऊ पडला होता. तोंड थंड जागी न्यायला हवं. मास्तरांनी आधीच सुचवून ठेवलं होतं की तोंड नेहमी खाली, जमिनीलगत हवं, पंपाचं नसतं का? बाईंनी ते जितेशपुढे ठेवलं. वाडीतल्या पाटाच्या पाण्यातून गाडी गेली आणि हवेऐवजी पाणी खेचलं की इंजिन कायमचं गेलं, एवढं सांगून त्याने मास्तरांना दुरूनच नमस्कार सांगितला.

तोंड हेडलाइटच्या मागे, उंचावर गेलं. मऊ पडलेला तुकडा बदलला. इंजिन आणि पाइप यांच्यामध्ये बाईंनी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, कडा दुमडून, आडोसा म्हणून बसवला. पत्र्यावर शेंगदाण्याचं चित्र होतं, ते राहिलं. परतताना त्याच पुलावर, त्याच उन्हात, गाडी अशी चढली की बाईंनीच घाबरून पाय काढला.

रविवारी विपुल अल्पेशला घेऊन आला. अल्पेश गोरागोमटा, बोलका आणि गाडीच्या रंगावरून बोटं फिरवताना चुकचुकणारा. त्याने शेजारच्या गास गावापर्यंत एक फेरी मारली आणि परत आला तेव्हा खूश होता. हे मॉडेल इतकं गुळगुळीत चालताना त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. विपुलने आईकडे कौतुकाने पाहिलं. प्रेमलताबाई अंगणात मोगऱ्याच्या टोपलीवर ओलं फडकं टाकत उभ्या होत्या.

मग अल्पेशने बॉनेट उघडलं.

“हे काय आहे?”

“सक्शन पाइप,” नरहरीने माहिती पुरवली. “आमच्या पंपाचा.”

अल्पेशने हिरव्या पाइपकडे पाहिलं, मग शेंगदाण्याकडे. गाडी सोन्यासारखी चालते, यात वाद नाही, म्हणाला. पण गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडतं. अशी गाडी त्याच्या दुकानात उभी राहिली तर लोक तिच्यासोबत केळी पण मागतील. हा पाइप काढून ओरिजिनल बसवून द्या, उद्या घेऊन जातो. विपुलने सांगितलं की ओरिजिनल मिळत नाही. मग हा काढून टाकू आणि नुसती उभी दाखवू, असा अल्पेशने मार्ग काढला. हा काढला तर ती चालणार नाही, हे त्याला पटवून द्यावं लागलं. म्हणजे पाइप असेपर्यंत विकत नाही आणि पाइप काढला की चालत नाही, एवढ्या निष्कर्षाला येऊन तो सरबत पिऊन गेला.

विपुलने सुस्कारा सोडला. बाहेरून पार्ट मागवतो, म्हणाला, दोन-चार महिने लागतील, तोवर राहू दे शेडमध्ये. त्याच्या हिशेबाने गाडी सांभाळायचं आईच्या डोक्यावरचं ओझं आणखी काही महिने लांबलं होतं, आणि त्याबद्दल तो तिची माफीही मागत होता.

टोपली खाली ठेवून प्रेमलताबाई पुढे आल्या.

“विपुल, ही गाडी मला हवी आहे.”

“तुला? कशाला?”

“जायला.”

“कुठे?”

“ते निघाल्यावर ठरवीन.”

विपुल हसला, मग आई हसत नाही हे बघून थांबला. मला वाटलं तू माझी गाडी सांभाळतेयस, असं तो हळू म्हणाला. हायवेला मधेच बंद पडली तर, असंही त्याने विचारून पाहिलं, पण त्यात आधीचा जोर नव्हता.

“पडली तर का पडली ते मला कळेल,” बाई म्हणाल्या. “आणि नाही कळलं तर जितेश आहे, हे आहेत. यांना नुसतं कानाला नळी लावून उभं करायचं.”

“मला विचाराल तर...” नरहरीने सुरुवात केली.

“तुम्हाला बसायचंय, विचारायचं काय.”

विपुल पुन्हा बॉनेटपाशी गेला. क्लिपा चाचपल्या, रबराचा पट्टा दाबून पाहिला, पत्र्याची दुमडलेली कड नखाने तपासली. इंजिनीअर आहे तो. काहीतरी चूक काढायची त्याची इच्छा दिसत होती. शेवटी म्हणाला, “आई, ही क्लिप गंजेल. स्टीलची घाल.”

“घालते,” त्या म्हणाल्या. “आणि गाडी माझ्या नावावर कर.”

“करतो.”

संध्याकाळी त्याला सोडायला त्या नालासोपाऱ्याला गेल्या. तो पुढे, शेजारच्या सीटवर बसला होता आणि उमराळ्यापर्यंत उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होता. सोपाऱ्यानंतर त्याने पाय मोकळा सोडला. स्टेशनबाहेर गर्दीत तो उतरला, खिडकीत वाकला आणि परत एकटी नीट जाशील ना, असं विचारू लागला. तेवढ्यात मागचा रिक्षावाला ओरडला. विपुलने वळून त्याला दोन शब्द सुनावले आणि वाक्य पुरं करायला पुन्हा वाकला, तर समोर खिडकी नव्हती. शिट्टी तेवढी दूर वळणावर ऐकू येत होती.