मावशींची फेक

मी विज्ञान शिकवते. क्रिकेटशी माझा संबंध घरी टीव्ही चालू असेल तेवढाच. तरीही कंधारच्या आमच्या मुलींच्या शाळेचा क्रिकेट संघ माझ्याकडे आला, कारण खेळाचे सर बदली होऊन लातूरला गेले आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सध्या तुम्हीच बघा. आमच्याकडे 'सध्या' म्हणजे निदान दोन वर्षं.

त्याच सुमारास महिलांचा विश्वचषक आपल्या देशात सुरू झाला. सामने दुपारी तीनला लागायचे. मला खेळ शिकवता येत नाही, निदान मुलींनी बघून तरी शिकावं, म्हणून संघातल्या मुलींना शेवटच्या दोन तासांना विज्ञानाच्या खोलीत सामना दाखवायची परवानगी मी मागितली. मुख्याध्यापकांनी दिली, फक्त आवाज बंद ठेवायला सांगितला. शेजारी दहावीचा वर्ग होता.

म्हणून आम्ही मुका सामना बघायचो. भारताचा नसला तरी बघायचो. चौदा मुली पुढे सतरंजीवर, मी मागे खुर्चीवर, आणि दारात मावशी.

मावशी आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. विहाराच्या मागच्या गल्लीत राहतात, वय पंचेचाळीसच्या पुढे. भांडी घासून झाली की ओले हात पदराला पुसत त्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. आत बसा म्हटलं तर नको म्हणायच्या. पहिले दोन दिवस मला वाटलं, पंख्याच्या वाऱ्यासाठी येत असतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, ती सीमेजवळची पोरगी मघापासून दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं का करून राहिली? मी पडद्याकडे बघितलं. मला ती मुलगी दिसलीच नव्हती. मी फलंदाजाकडे बघत होते, सगळेच तिकडे बघतात. मावशी मात्र ज्यांच्याकडे चेंडू नाही त्यांच्याकडे बघत होत्या.

त्यांना धावा मोजता येत नव्हत्या, षटक किती चेंडूंचं हेही माहीत नव्हतं. पण कोणती खेळाडू चेंडू उचलून वेळ घालवते, कोणाची फेक खांद्यातून येते आणि कोणाची नुसत्या मनगटातून, हे त्या बिनचूक सांगायच्या. आवाज बंद असल्यानं त्यांचं हळू बोलणं मुलींनाही ऐकू जायचं. थोड्या दिवसांनी मुलीच मागे वळून विचारायला लागल्या, मावशी, ही कशी हाय?

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीची गोष्ट. पाऊस लांबला होता, मैदानाचा अर्धा भाग चिखलात होता, उरलेल्या अर्ध्यात आमचा सराव. एका मुलीनं जोरात टोला मारला आणि चेंडू थेट स्वयंपाकखोलीच्या भिंतीपाशी गेला. मावशी तिथे पातेलं पालथं घालत होत्या. त्यांनी चेंडू उचलला, हातात एकदा फिरवला आणि फेकला. तो वर गेलाच नाही. माणसाच्या छातीएवढ्या उंचीनं सबंध मैदान ओलांडून आला आणि मधली खुंटी उखडून गेला.

यष्टिरक्षक मुलगी खुंटी उचलायचं विसरून तशीच उभी राहिली. मावशी मात्र पुन्हा पातेल्याकडे वळल्या होत्या. मी पळत गेले आणि विचारलं, हे कुठं शिकलात?

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर हिमायतनगरकडचं. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला त्या भावाबरोबर रानात जायच्या. गोफण एकच.

"गोफण भावाकडं. माझ्याकडं ढेकळं," मावशी म्हणाल्या. "मचाणावरून हातानंच मारायची. लग्न होईस्तोवर तेच."

त्या दिवसापासून मी संघाची नावापुरती प्रमुख राहिले. मावशींकडे मी रोज अर्धा तास मागितला. त्यांनी तो दिला, पण एका अटीवर: आधी भांडी. त्यावर मुलींनी वाट बघण्याऐवजी भांडीच घासून टाकायला सुरुवात केली. मावशींना ते आवडलं नाही. पोरी शिकायला येतात, भांडी घासायला न्हाई, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हाकललं आणि स्वतःचा हात मात्र झपाट्यानं चालवायला लागल्या.

त्यांचं शिकवणं बघण्यासारखं होतं. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. हे सगळं त्या बोलून नाही, मुलींच्या कमरेला धरून वळवून दाखवायच्या. मी बल, गती, कोन फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवत आलेय. हा धडा इतका स्वच्छ मला कधी मांडता आला नाही. एक मुलगी धावणाऱ्या खेळाडूकडे बघून गडबडायची आणि चेंडू भलतीकडे जायचा. तिला त्या म्हणाल्या, "पळणारीकडं बघू नको. ती पळणारच हाय. तू खुंटीकडं बघ." त्या मुलीची फेक दोन दिवसांत सरळ झाली.

मधल्या काळात भारत लागोपाठ तीन सामने हरला. मुली हिरमुसल्या, दोघींनी सरावाला येणं सोडलं. मावशी दोघींच्या घरी जाऊन आल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघी मैदानावर होत्या. सुट्टीतही सकाळी सराव चालला. उपांत्य सामन्यात आपण भलीमोठी धावसंख्या गाठली आणि रविवारी अंतिम सामनाही जिंकला.

सोमवारी शाळा उघडली. फाटकातून आत शिरते तोच मावशी तांदूळ पाखडायचं सूप घेऊन समोर आल्या. विश्वचषक जिंकल्याचं काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्या बोलल्या ते समोरच्या संघाची पहिली जोडी कशी फुटली त्याबद्दल. जोडी जमली होती, चोरटी धाव घ्यायला निघाली, आणि आपल्या एका पोरीनं थेट खुंटी उडवली. "उचलल्यावर थांबली न्हाई ती," मावशी म्हणाल्या. "तिथंच सामना फिरला, मॅडम." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कोणी तज्ज्ञानं हेच लिहिलेलं मी वाचलं.

आमच्या शालेय स्पर्धा नांदेडला होत्या. मावशींना सोबत न्यायचं मी ठरवलं होतं. खिचडीचं काय, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. मावशींनी जाऊबाईंना त्या दिवसापुरतं तयार केलं आणि इस्त्रीची साडी नेसून एसटीत आमच्या आधी बसल्या.

समोरचा संघ शहरातला, पांढरा गणवेश, स्वतःचं साहित्य. आमच्या मुलींची फलंदाजी जेमतेम होती. आम्ही हरलो, पाच धावांनी. पण त्यांच्या चौघींना आम्ही धावबाद केलं, त्यातल्या तिघींना थेट फेकीवर. सामना संपल्यावर त्यांचे प्रशिक्षक माझ्याकडे आले आणि फेक कोण शिकवतं असं त्यांनी विचारलं. मी मावशींकडे हात केला. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मुलींनीच मावशींच्या हातात चेंडू दिला.

मावशींनी चपला काढल्या, पदर खोचला. तीन फेकी केल्या, दोन लागल्या. त्या सरांनी आपल्या मुलींना बोलावून खाली बसवलं आणि मावशींना पुन्हा सावकाश करून दाखवायची विनंती केली. पुढची वीस मिनिटं दोन्ही शाळांच्या मुली एका रांगेत बसून मावशींचे पाय बघत होत्या. शेवटी सर म्हणाले, "तुम्ही खेळायला पाहिजे होतं, ताई."

मावशी चपला घालत होत्या. "मला ठावंच नव्हतं, बाया खेळतेत म्हणून," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती.

आमच्या दोन मुली जिल्ह्याच्या संघात निवडल्या गेल्या, दोघीही क्षेत्ररक्षणासाठी. निवडीच्या अर्जावर प्रशिक्षकाच्या रकान्यात माझं नाव छापून आलं होतं. ते खोडून मी मावशींचं लिहिलं आणि सही करायला कागद स्वयंपाकखोलीत घेऊन गेले. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली.