समुद्रावरची ड्यूटी

रामाजी लांजेवारांविषयी दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो. बरं उतरेल याची मला खात्री नाही.

भंडाऱ्याकडची धानाची शेती सोडून ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत ब्लास्ट फर्नेसच्या कधी न विझणाऱ्या भट्टीवर राहिले. हुडको वसाहतीत त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. सकाळी फिरायला जाणारे आम्ही आठ जण. तीन जोडपी, शिवाय दयाराम आणि मी, दोघेही एकटे.

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. सलग तीन सुट्ट्या होत्या, म्हणजे नातवंडांपाशी मुलं-सुना घरी असणार होती. विशाखापट्टणमला जायचं, दिवसभर समुद्राच्या काठाकाठाने पायी हिंडायचं, संध्याकाळी मुक्कामावर परतायचं, ही कल्पना सिंधुताईंची, म्हणजे रामाजींच्या पत्नीची. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आणि नवऱ्यासोबत नुसतं चालायला म्हणून त्या कधी कुठे गेल्या नव्हत्या. हे दुसरं त्या बोलल्या नाहीत, पण आम्हाला कळत होतं.

आखणी रामाजींकडे आली, तिकिटं दयारामकडे. शटडाऊनची, म्हणजे प्लांट थांबवून करायच्या दुरुस्तीची, मोठमोठी कामं त्यांनीच लावलेली. एका संध्याकाळी व्हरांड्यात सगळ्यांना बसवून त्यांनी बेत सांगितला. कोणत्या दिवशी कोणता किनारा, ऊन चढलं की कुठे थांबायचं, सगळं पक्कं. मग म्हणाले की सकाळी चौघांनी चालायचं, चौघांनी मुक्कामावर सामान सांभाळून स्वयंपाक करायचा आणि दुपारी अदलाबदल. रिलीव्हर, म्हणजे आपली पाळी घेणारा माणूस, आल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही. नवरा एका तुकडीत, बायको दुसऱ्या तुकडीत, म्हणजे किल्ली आणि पैसे दोन्हीकडे घरच्याच माणसाजवळ.

आम्हा प्लांटच्या माणसांना यात काही चुकलं असं वाटलं नाही. मी मान हलवली. दयाराम तेवढा म्हणाला, "रामाजी, समुद्रालेही एक रिलीव्हर पाहून ठेव. लाटाईची ड्यूटी संपली तं?"

सगळे हसले. सिंधुताई चहाचे कप गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "माझं नाव काटा."

"कावून?" रामाजींनी विचारलं.

"जिंदगीभर तुमी सेकंड शिफ्टले अन् मी एकटी जेवून राहिली. आता समुद्रावरही एकटीच फिरू का?"

दुसऱ्या दिवसापासून त्या फिरायलाही येईनाशा झाल्या.

रामाजी माझ्यासोबत मुकाट्याने चालायचे. एका सकाळी आपणच थांबले आणि म्हणाले की बायकोचं खरं आहे, तिच्याशिवाय जाण्यात काही अर्थ नाही, पण जागा खाली सोडायची म्हटलं की जीव घाबरा होतो. सगळेच निघून गेले तर मागे कोण पाहील?

मला असल्या वेळी शब्द सुचत नाहीत. त्या दिवशी कसे कोण जाणे, सुचले. "खोलीत भट्टी थोडीच पेटून राहिली, रामाजी."

ते वळून सरळ घरी गेले. मीही मागोमाग गेलो.

सिंधुताई अंगणात मेथी निवडत होत्या. रामाजींनी उभ्या उभ्याच सांगितलं की तुकड्या रद्द. खोलीला कुलूप लावायचं, जेवण बाहेर, आठही जणांनी सोबत चालायचं.

सिंधुताईंनी मान वर केली नाही. "तुमी तं पुढं पुढं पळसान."

"नाही पळत."

"मंग चालून दाखवा."

मेथी तशीच ठेवून त्या चपला घालून निघाल्या. मी फाटकापाशी उभा राहिलो. बाजाराच्या रस्त्याला रामाजी सवयीने दहा पावलं पुढे गेले, थबकले, मागे वळून उभे राहिले. त्या पोचल्यावर दोघं निघाले. पुन्हा ते पुढे गेले, पुन्हा थांबले. त्या दरवेळी काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळ मात्र ते थांबले नाहीत, कारण त्या त्यांच्या बाजूलाच होत्या.

परत आल्यावर सिंधुताई मला म्हणाल्या, "भाऊ, दयारामभाऊले सांगा, आठ तिकिटं काढा म्हणून."

रामाजी दम खात पायरीवर बसले होते. हळू चालणं त्यांना फार जड गेलं होतं.