दिवाकरच्या नावावर बसलेले गेम

बल्ब विकताना दुकानदाराने तो काउंटरवरच्या होल्डरला लावून पेटवून दाखवायचा आणि मगच खोक्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. दिवाकर गायधनीच्या वडिलांचं रविवार कारंज्याच्या चौकात विजेच्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे ही रीत पोराच्या हाडीमासी खिळलेली. पुढे नव्वदच्या दशकात दिवाकरने कॉलेज रोडला कॉम्प्युटर गेमचं दुकान टाकलं. तरी वस्तू चालवून दाखवल्याशिवाय द्यायची नाही, हा हट्ट काही सुटला नाही.

गिऱ्हाईक घाईत असो की रागात, दिवाकर खोकं उघडायचा, सीडी दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये घालायचा आणि गेम सुरू करून दाखवायचा. त्याला चांगला अर्धा तास लागे. लोक याला प्रामाणिकपणा म्हणत, आणि तो होताच. पण खरी गोष्ट अशी की लग्न न केलेल्या, आई गेल्यापासून एकट्याने पोळ्या लाटणाऱ्या या माणसाशी दिवसभरात कुणी बोलत असेल, तर त्या अर्ध्या तासातच.

त्यातही शनिवार ललितचा. ललित शहराबाहेरच्या मखमलाबादचा फूलशेतकरी, तिशीतला, गेमचं भलतंच वेड. फुलबाजार उरकला की रिकामी क्रेट स्कूटरला बांधून तो दुकानात येई. दिवाकरला 'शेठ' म्हणणारा तो जगातला एकमेव माणूस. स्टुलावर बसून गेमबद्दल, शेवंतीच्या भावाबद्दल, बायकोच्या भांडणाबद्दल बोलत राही. दिवाकर अख्खा आठवडा त्या शनिवारावर काढायचा.

दोन हजार पाचच्या सुमारास नव्या तऱ्हेची खोकी आली. नुसती सीडी घालून भागेना. परदेशातल्या एका ऑनलाइन सेवेवर आपल्या नावाने खातं उघडायचं, खोक्यातला कोड तिथे भरायचा, मग गेम सुरू. दिवाकरने ललितसमोर खोकं फोडलं, स्वतःच्या नावाने खातं उघडलं, कोड भरला आणि गेम चालवून दाखवला. ललित खुशीत घरी गेला आणि सोमवारी तणतणत परत आला.

"शेठ, कोड आधीच वापरलाय म्हनतंय. जुना माल दिला का काय?"

दिवाकरच्या वर्मी लागलं. त्याने ताबडतोब दुसरं खोकं काढलं आणि, आता चूक नको म्हणून, तेही ललितसमोर, आपल्याच नावाने दुसरं खातं उघडून, चालवून दाखवलं! ललित तेही घेऊन गेला, संध्याकाळी तेही परत आलं. मग दोघांनी पडद्यावरचं इंग्रजी अक्षर अन् अक्षर वाचून काढलं, तेव्हा उजेड पडला. जो पहिल्यांदा कोड भरेल, गेम कायमचा त्याच्या नावावर बसतो. दोन्ही दिवाकरच्या नावावर बसले होते.

"मग काढ माझ्या नावावरून आणि लाव तुझ्या," दिवाकर म्हणाला.

"सातबारा हाय का हा शेठ?" ललित हसत सुटला, आणि दिवाकरलाही हसू फुटलं.

तिसरं खोकं दिवाकरने सीलबंदच पुढे ठेवलं. पण तेवढ्यात मखमलाबादेत ललितच्या घरचा फोन बंद पडला, म्हणजे घरचं इंटरनेटही गेलं. शेवटी पुढच्या शनिवारी ललित आपला कॉम्प्युटरचा डबा बारदानात गुंडाळून, स्कूटरवर पायांत धरून दुकानातच घेऊन आला. सील त्यानेच फोडलं, कोड त्याच्याच नावाने भरला. मग सेवेने त्या आठवड्यात निघालेल्या सुधारणांच्या फाइली उतरवायला घेतल्या, आणि दुकानाच्या फोनलाइनवरून त्या मुंगीच्या पावलांनी येऊ लागल्या.

सगळी दुपार त्यात गेली. दिवाकरने दोघांसाठी मिसळ मागवली. ललितने रस्सा भुरकत सहज विचारलं, "शेठ, घरी कोन कोन असतं?"

"कोणी नाही."

"मंग सनावाराला?"

दिवाकरने पाव मोडला आणि म्हणाला, "दुकान उघडतो."  ललितने आपल्या ताटलीतली शेव उचलून दिवाकरच्या ताटलीत घातली.  फाइली संपूच नयेत, लाइन तुटावी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावं, असं दिवाकरला अगदी मनापासून वाटलं. लाइन तुटली नाही.

त्यानंतरचे दोन शनिवार ललित आलाच नाही. तिसऱ्याला स्कूटरचा आवाज आला तसा दिवाकर स्टूल पुसायला उठला. ललित दारातच उभा राहिला. त्याचा चेहरा फुललेला होता.

"शेठ, घरी ब्रॉडब्यांड घेतलं! लय पळतंय. अन् आता गेम थेट तिथूनच घेता येतो, खोकंबी लागत नाय. तुमचा सगळा तरास वाचला बघा."

"त्रास कसला," दिवाकर म्हणाला.

"नाय कसा? दर टायमाला अर्धा अर्धा तास बसवून घेत होतो तुमाला."

दिवाकर हातातल्या फडक्याकडे बघत राहिला. बस की रे थोडा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. गेम नसला तरी ये, नुसता बस, हे एवढंच. पण चाळिशी उलटलेल्या या माणसाला असं काही कुणाला म्हणायची सवयच नव्हती.

"बरं झालं," तो म्हणाला. "जाताना दार ओढून घे, धूळ येते."

ललितने दार नीट, अगदी घट्ट ओढून घेतलं.