पाडव्याला खोडलेलं कलम

"भागीदार मेला, की भागीदारी संपली," असं सरांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बारामतीतल्या त्या वर्गात आम्ही पंधरा-सोळा बायका होतो. बाकीच्यांनी वाक्य मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. मी नाही उतरवलं. मला काही झालंही नाही. ‘मेला’तला ‘म’ जरा वाकडा आलाय, एवढंच दिसलं.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. नवरा जाऊन चार महिने झाले होते. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. त्यानंतर मला बरं-वाईट काही वाटतच नव्हतं. भूक लागली आहे का, हे घड्याळ बघून ठरवत होते. लेकीची वेणी घालायचे, आणि घातली की नाही ते पुन्हा तिलाच विचारायचे.

वर्गात गेले तेही काही शहाणपण सुचलं म्हणून नाही. शेजारणीला मसाल्याचा धंदा काढायचा होता. भवानीनगरहून रोज एकटीने एसटीने जायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने माझाही फॉर्म भरला. शिकवायला एक निवृत्त सर यायचे, आयुष्यभर कोर्टकचेरीत काम केलेले. विषय होता धंद्यापुरता कायदा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं, आणि दोघांनीही शुद्धीत असायचं, म्हणजे करार होतो, हे पहिल्या दिवशी शिकले. मला तो विषय आवडला असं नाही म्हणणार, पण तो मला सोसला. चार महिने जो भेटेल तो माझं सांत्वन करत होता. कायदा कुणाचं सांत्वन करत नाही.

नवऱ्याचं आणि त्याच्या मित्राचं भवानीनगरला रस्त्याकडेला वर्कशॉप होतं. उसाचे ट्रेलर, टायरगाड्या, नांगर बनवायचे आणि दुरुस्त करायचे. नवरा होता तोवर दुपारी मी तिथे जायची. मापं घ्यायची, कुठे किती पत्रा, किती अँगल लागेल ते मांडायची, बारामतीहून माल मागवायची. नवऱ्याचा हात वेल्डिंगला सोन्यासारखा होता, पण त्याने लिहिलेला आकडा त्यालाही दुसऱ्या दिवशी वाचता यायचा नाही.

तेराव्याला माझ्या दिराच्या डोक्याला त्याच्या मामांनी पागोटं बांधलं. चार माणसांत आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "आता हा त्येच्या जागी." कुणी हरकत घेतली नाही. घ्यायची असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दीर वर्कशॉपातल्या खुर्चीवर जाऊन बसला. पोरगा गरीब होता, पण त्याला ठिणगीची भीती वाटायची. वर्कशॉपात बसून त्याने चहाचे कप तेवढे मोकळे केले. मला आणि लेकीला माझ्या माहेरी पणदऱ्याला धाडायचं आबांनी ठरवलं होतं. वाईट मनाने नाही. "तितं तुला बरं वाटंल," म्हणाले. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

फळ्यावरच्या त्या वाक्यानंतर दुसऱ्या दिवशी ट्रंकेतला भागीदारीचा करार मी पिशवीत घालून नेला. का नेला ते सांगता येणार नाही. वर्ग सुटल्यावर सरांपुढे ठेवला. सर दुसऱ्या पानावर थांबले. एक अख्खं कलम रेघ मारून खोडलेलं होतं आणि शेजारी दोघांच्या सह्या होत्या. त्यांनी कागद खिडकीकडे धरून खालचं वाचलं. भागीदाराचा मृत्यू झाल्यास त्याच्या पत्नीस त्याच्या जागी भागीदार म्हणून घेण्यात यावे.

"हे खोडायला कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

खरंच मीच सांगितलं होतं. पाडव्याचा मुहूर्त होता. मशिनला हार घातलेले, करार लिहिणाऱ्याला बारामतीहून वर्कशॉपातच आणलेलं, आणि मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी. तो एकेक कलम मोठ्याने वाचत होता. मृत्यूचं आलं तशी मी म्हणाले, "अवो, पाडव्याच्या दिवशी ही कसली अभद्र वाणी? काढा ते." आमच्याकडे बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात, दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हणतात. आणि हा सणासुदीला सरळ मृत्यू म्हणत होता. लिहिणारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई, कामाला येतं." आम्ही तिघं त्याच्यावर तुटून पडलो. नवरा हसत म्हणाला, "खोडा, खोडा. हिनं सांगितलं म्हंजी खोडायलाच पायजे." मग मी सगळ्यांना पेढे वाटले.

हे सगळं सरांना सांगताना माझा आवाज जराही हलला नाही. त्याची मला थोडी लाज वाटली.

सरांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "मालमत्तेतला त्यांचा वाटा तुमचा, मुलीचा आणि सासूबाईंचा. भागीदाराची जागा मात्र वारसाने मिळत नाही. दिराला तर नाहीच. पागोट्याला कायद्यात कलम नाही."

"मग मी काय करू?"

"विचारा त्यांच्या मित्राला. पहिल्या दिवशी काय शिकवलं? एकाने विचारायचं."

परतीच्या एसटीत चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं. मला त्या वर्कशॉपात परत जायचं होतं. पणदऱ्याला जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. दीर खुर्चीत पेंगत होता. नवऱ्याचे मित्र, मी त्यांना भावजी म्हणायची, ट्रेलरचा हूक जोडत होते. मी म्हणाले, "भावजी, हे गेले त्याच दिवशी तुमची भागी संपली. कायद्यानं."

त्यांनी तोंडासमोरची काच बाजूला केली. "म्हंजी? मग मी चार म्हैनं कुनासंगं भागीत हाय?"

"कुणासंगच न्हाय."

ते तिथेच अँगलच्या ढिगावर बसले. म्हणाले, "मला वाटायचं, त्यो न्हाय पर आमची भागी हाय. रोज शटर त्येच्या नावानं उघडतुया मी."

त्यांचे डोळे भरले होते. माझे कोरडे. मी मीठ मागावं तशा आवाजात विचारलं, "मला घेता का भागीत?"

"आबा काय म्हंतील?"

"आबांचं मी बघते. तुमचं सांगा."

त्यांनी दिराकडे बघितलं, मग बाहेर उभ्या ट्रेलरांकडे. "दोन टेलरांची मापं चुकल्यात," ते म्हणाले. "उद्या जरा लौकर या."

सरांच्या व्याख्येत हा होकार बसला असता का, माहीत नाही. मी तो होकार धरला.

घरी आबा भडकले. "बांधलेलं पागोटं सोडायचं व्हय आता?" कोपऱ्यातून दीर हळूच म्हणाला, "आबा, मला न्हाय ते जमत. रातभर डोळं चुरचुरत्यात." तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "जा. पर पदर घिऊन जा."

बारामतीला कोर्टाजवळ तोच लिहिणारा बसायचा. भावजी, सासूबाई आणि मी गेलो. नवा करार त्याने वाचून दाखवला. त्यात मरणाचं कलम होतं. या वेळी कुणी ते खोडायला सांगितलं नाही. मग तो म्हणाला, "नवी भागी करायची तर आधी जुनीचा शेवट लिवावा लागतो," आणि दुसरा कागद पुढे ओढला.

त्या कागदावर होतं: भागीदार क्रमांक एक हे मयत झाल्याने सदर भागीदारी संपुष्टात आली आहे.

चार महिने लोक म्हणत होते, गेला, सुटला, देवाघरी गेला. मृत्यूचा दाखलाही दिरानेच आणलेला, मी तो उघडूनही बघितला नव्हता. सासूबाईंनी अंगठा उठवला. मग लिहिणाऱ्याने मयत या शब्दाच्या खाली बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे वाचून, कबूल करून सही करा."

मी वाचलं. कबूल केलं. सही केली.

आणि कुणीतरी मोठ्याने रडायला लागलं. भावजी माझ्याकडे बघत होते, सासूबाईंनी माझा हात धरला, तेव्हा कळलं की ती मीच आहे. मला थांबता येईना. टेबलाला धरून मी रडत राहिले. आजूबाजूचे पक्षकार वळून बघायला लागले.

लिहिणाऱ्याने थोडा वेळ वाट बघितली. मग माझ्या कोपराखालचा कागद अलगद ओढत म्हणाला, "रडा ताई, रडा. पर हे हिकडं सरकवा. सही अजून वली हाय."