चातुर्मास चालू आहे

२७ सप्टेंबर १९९९, सोमवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. नमुन्याच्या नळीवर तारखेबरोबर वेळही लिहिण्याची शिस्त त्या तपासणी केंद्रात मीच आणली होती, म्हणून ती आजही सांगता येते. त्या नळीतले रक्त आमच्या समोरच्या घरातल्या काकांचे होते.

दूधविनायकाच्या गल्लीत आमची दोन्ही घरे पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोर होती. काका पौरोहित्य करत. महाराष्ट्रातून श्राद्धकर्मासाठी काशीला येणारी कुटुंबे त्यांच्याकडे उतरत. ते त्यांना यजमान म्हणत. वय साठीला टेकलेले, आवाज खणखणीत, धोतर कायम शुभ्र. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, जानेवारीपासून पुण्यात पीएच.डी.ची जागा मिळवली होती आणि तोवरचे महिने वाया जाऊ नयेत म्हणून या केंद्रात चाचण्या करत होते. शेजारच्याच खोलीत त्वचा व गुप्तरोगांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. मधले दार सहसा उघडे असे.

काका गुप्तरोगासाठी आलेच नव्हते. तळहातासाठी आले होते. पितृपक्ष नुकताच लागला होता. त्या पंधरवड्यात पुरोहिताचा तळहात दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर असतो. दर्भ द्यायचा, तीळ द्यायचे, तर्पणाचे पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून कसे सोडायचे ते स्वतः करून दाखवायचे. आदल्या दिवशी पंचगंगा घाटावर एका यजमानाने त्यांचा हात पाहिला आणि तीळ त्यांच्याकडून न घेता स्वतःच वाटीतून उचलले. दोन्ही तळहातांवर तांबूस, मसुराएवढे डाग होते. खाज नाही, दुखणे नाही.

"गोळीची उष्णता आहे," काका डॉक्टरांना म्हणाले. "गुलकंद घेतोय, पण उतरत नाही."

"कसली गोळी?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. "ही इथंच थांबणार?"

"रक्त ती काढणार. मी काढलं तर तुम्हालाच दुखेल."

काकांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. मग म्हणाले, "एका यजमानानं दिली. त्याचा मुलगा दुबईला असतो. निळी गोळी. आषाढाच्या तोंडाशी मुंबईला गेलो होतो, यजमानांकडे. तिथं त्यानंच… म्हणजे, गोळी चालते की नाही हे पाहायला त्यानंच नेलं."

"कुठं नेलं?"

"आता तुम्ही डॉक्टर आहात, समजून घ्या."

"निरोध वापरला होता?"

"छे! आमच्या वयात पोरं होण्याची भीती कुणाला?"

ती निळी गोळी, म्हणजे पुरुषांच्या दुर्बलतेवरचे सिल्डेनाफिल, बाजारात येऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झाले होते. आपल्याकडे ती उघडपणे दुकानात मिळत नसे, पण परदेशी सिगारेट जशी ओळखीतून येते तशी येई. तिच्याविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येत होते ते हृदयाविषयी आणि पुरुषार्थाविषयी असे. त्यातून एक साधी गोष्ट निसटत होती. गोळीने अंगावर असे डाग उठत नाहीत, आणि गोळी कोणत्याही संसर्गापासून वाचवतही नाही. ती फक्त बंद पडलेली शक्यता पुन्हा सुरू करते. कित्येक वर्षे हा माणूस कुणाला काही देऊ शकत नव्हता आणि कुणाकडून काही घेऊही शकत नव्हता. गोळीने दोन्ही परत दिले.

डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला. "घरी? काकूंशी संबंध?"

"चातुर्मास चालू आहे," काका म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर 'नाही' असे लिहिले.

डॉक्टर आमच्याच समाजातले होते. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर बालाजी घाटाच्या वर मुलांना वेद शिकवला. चातुर्मास म्हणजे व्रत आणि पौरोहित्य करणाऱ्याचे व्रत म्हणजे ब्रह्मचर्यही, हे त्यांच्या कानांनी लहानपणापासून एकत्रच ऐकले होते. गल्लीबाहेरचा कोणताही डॉक्टर पुन्हा विचारता झाला असता: म्हणजे नेमके काय? आमच्या डॉक्टरांना उत्तर पूर्ण वाटले. खरे म्हणजे त्यांना उत्तर मिळालेच नव्हते. फक्त महिन्यांचे नाव मिळाले होते.

निदान सिफिलिसचे झाले, दुसऱ्या अवस्थेतले. त्यासाठीच्या पहिल्या रक्तचाचणीत रक्तद्रव दर पायरीला दुप्पट पातळ करत जायचे आणि कुठवर प्रतिक्रिया दिसते ते नोंदवायचे, इतकेच असते. काकांच्या रक्ताने चौसष्टपट पातळ केल्यावरही प्रतिक्रिया दिली. दुसऱ्या, खात्रीच्या चाचणीनेही तेच सांगितले. एचआयव्ही निगेटिव्ह; पण ती तीन महिन्यांनी पुन्हा करायची होती. पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले आणि डाग फिके पडू लागले. काकांच्या दृष्टीने विषय संपला.

त्याच आठवड्यात एका दुपारी काकू आमच्याकडे आल्या. आई भाजी आणायला गेली होती. काकू ओट्याशी बसून कापसाच्या वाती वळू लागल्या. रिकाम्या हाताने त्या कुठेच बसत नसत.

"ह्यांना कसली सुई लावली गं तुमच्या डॉक्टरांनी? दोन दिवस बसताना कण्हत होते."

"डॉक्टरांना विचारा, काकू. मला सांगता येत नाही."

"घ्या! एवढं शिकवून आईबापानं हेच शिकवलं, सांगता येत नाही म्हणायला."

मला खरोखरच सांगता येत नव्हते. पण ऐकायला मनाई नव्हती. मी विचारले, "काकांचा चातुर्मास कसा चाललाय यंदा?"

"कसला चातुर्मास! दरवर्षी एक काहीतरी सोडायचं. मागे वांगं सोडलं, ते तसंही आवडत नाही. यंदा ताट सोडलंय. पत्रावळीवर जेवतात. ताट सोडायचं त्यांनी आणि परेशान व्हायचं मी, रोज पानं पुसून ठेवा."

"आणि बाकीचे नियम?"

काकूंचा हात थांबला. त्या हसल्या, पदर तोंडाशी नेला. "तू अजून लग्नाची आहेस, तुला काय सांगायचं?" पण त्यांना सांगायचे होते, हे दिसत होते. "सात-आठ वर्षं ह्यांची घोंगडी त्या खोलीत आणि माझी ह्या. मी म्हटलं, झालं आपलं. आणि यंदा श्रावणात आपणहून आले. या वयात! दुसऱ्या दिवशी मंगळागौरीला गेले तर बायका विचारतायत, काकू, आज काय खाल्लंत, चेहरा एवढा कशानं खुललाय?" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या आईला बोलशील तर बघ."

त्यांच्या मांडीवर वातींचा ढीग होता. मी मनात हिशेब मांडला: आषाढात संसर्ग, श्रावणात संसर्ग पसरण्याचा ऐन काळ. काकू ज्याला परत आलेले प्रेम समजत होत्या, त्याच दिवसांत त्यांच्यापर्यंत जिवाणू पोहोचला असण्याची दाट शक्यता होती. त्यांना काही दुखत नव्हते, काही दिसत नव्हते. आणि नेमके हेच धोक्याचे होते. उपचार न झालेला हा आजार वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि मग हृदयात किंवा मेंदूत उगवतो.

मी डॉक्टरांना सांगितले की कागदावरचे 'नाही' चुकीचे आहे.

"तू त्यांच्या घरी चौकशी केलीस?"

"मी चातुर्मासाची चौकशी केली. बाकीचं काकूंनी आपणहून सांगितलं."

डॉक्टरांनी काकांचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी लेखणी उचलली, 'नाही' खोडले आणि म्हणाले, "त्यांना आणायला पाहिजे. पण नवऱ्यानंच आणलं पाहिजे. निरोप तू दे, मी चिठ्ठी पाठवली तर गल्लीभर होईल."

काका संध्याकाळी बालाजी घाटावर सापडले. यजमानांना निरोप देऊन ते पायऱ्यांवर उपरणे झटकत होते. मी काय म्हणते ते त्यांना पहिल्या वाक्यातच कळले.

"मी तिला काय सांगू?" ते म्हणाले. "चाळीस वर्षांचा संसार आहे, पोरी. तू दोन काचा आणि चार नळ्या बघून येतेस."

"नळ्यांत तुमचंच रक्त होतं, काका."

"गुडघ्यासाठी म्हणून आणतो. गुडघ्यासाठी म्हणून सुईही द्या. ती कशाला विचारायला जाते?"

"रक्त गुडघ्यासाठी म्हणून काढू शकतो. इंजेक्शन नाही. त्याची ॲलर्जी जीव घेऊ शकते, आधी विचारावं लागतं. आणि रिपोर्ट त्यांच्या नावाचा असेल. त्यांनी मागितला तर त्यांना मिळेल."

त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले. अखेर म्हणाले, "तुला पुण्याला कधी जायचंय?"

मी पायऱ्या चढून गल्लीकडे वळले.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी काकू केंद्रात आल्या. काका त्यांना दारापर्यंत सोडून, कुणी यजमान वाट पाहतोय म्हणून निघून गेले. मी दंडाला पट्टा बांधला. काकूंनी मूठ आवळली आणि सुई आत असतानाच विचारले, "ह्यांना जे आहे, तेच शोधतेस ना माझ्यात?"

"काका म्हणाले गुडघे…"

"गुडघे मला दहा वर्षं दुखतायत. दहा वर्षांत एकदा विचारलं नाही. ह्यांचे हात रोज मी बघते, डाग आले तेव्हा मी बघितले, गेले तेव्हा मी बघितले. गोळीचा पत्ताही, ते चंदेरी पाकीट, कपाट झाडताना सापडला. त्या गोळीनं झालंय का हे?"

"गोळीनं रोग येत नाही, काकू."

"मग?"

मी नळी स्टँडमध्ये ठेवली. बाकीचे काकूंनी स्वतःच जुळवले. मला ते त्यांच्या डोळ्यांत पायरीपायरीने दिसले. त्यांनी कापूस दंडावर दाबून धरला.

"मुंबई," त्या म्हणाल्या. मग कापूस आणखी घट्ट दाबत, "म्हणजे श्रावणात माझ्याकडे आले ते गोळी उरली होती म्हणून."

मी म्हणाले की असेलच असे नाही. त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले, आणि मी नळीवर तारीख आणि वेळ लिहायला घेतली.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला: १:१६, म्हणजे सोळापट पातळ केल्यावरही प्रतिक्रिया. एचआयव्ही निगेटिव्ह. डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून सगळे सांगितले, रोगाच्या नावासकट, आणि मधले काही लपवले नाही. याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. आधी चाचणीचा छोटा डोस आणि मग इंजेक्शन, दोन्ही काकूंनी दात आवळून घेतले.

नवरात्रात अष्टमीला आमच्याकडे सवाष्ण म्हणून दरवर्षी काकूच जेवायला बसत. त्या वर्षी त्यांनी नकार दिला. आईला ते फार लागले. मी त्यांच्या दारात जाऊन हळूच सांगितले की हा आजार ताटातून, भांड्यातून, शेजारी बसल्याने पसरत नाही.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय. रोगासाठी नाही गं नाही म्हणत. ओटी कशाबद्दल भरून घ्यायची, तेवढं मला समजेना."

आई आजही समजते की काहीतरी मानापमान झाला होता. मी तिला काही सांगितलेले नाही. काकांनी कार्तिकीनंतर ताटात जेवायला सुरुवात केली. त्यांची घोंगडी पुन्हा त्या खोलीत गेली. या वेळी ती काकूंनी नेऊन ठेवली, असे काकूंनीच एकदा वाती वळता वळता सांगितले, वर न पाहता.

डिसेंबरच्या अखेरीस, मी पुण्याला निघायच्या आधी, दोघांचे रक्त पुन्हा घेतले. काका वेगळ्या दिवशी आले, काकू वेगळ्या. दोघांची एचआयव्ही चाचणी पुन्हा निगेटिव्ह आली. काकांचा आकडा छान उतरला होता. काकूंची चाचणी मी स्वतः लावली, काच हातात धरून खिडकीच्या उजेडात पुन्हा पाहिली, आणि खात्री पटेना म्हणून नव्याने लावली. उतार खरा मानायचा तर आकडा सोळावरून दोन पायऱ्या खाली, म्हणजे चारवर, यायला हवा. एका पायरीचा फरक हाताच्या चुकीतही बसतो. काकू बाकावर बसून वाट पाहत होत्या. "उतरलं ना?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, उतरतंय असं दिसतं, पण तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल, आणि तेव्हा मी इथं नसेन. त्यांनी मान हलवली, पदर सावरला आणि उठल्या. मी टेबलाकडे वळून त्यांच्या नावापुढे आकडा लिहिला: १:८.