हरिचंद्र टायपिस्टचं कुलूप

"कागूद माझा, पोरगी माझी, नि कुलूप तुमचा?"

चंद्री हे ओरडून म्हणाली नाही, सरळ बोलली. पण पडद्याआड लॅमिनेशनच्या मशीनपाशी बसलेल्या रखमाबाईच्या हातून कुणाचं तरी रेशनकार्ड वाकडं चिकटलं.

त्या भांडणाला आता दहा वर्षं झाली असतील. उल्हासनगर कॅम्प पाचात रखमाबाईच्या नवऱ्याचं, हरिचंद्रचं, टायपिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोघं आत बसली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. माणूस गरीब स्वभावाचा, गिऱ्हाईकं त्याला मास्तर म्हणायची, पण एक खोड होती. टाईप केलेली प्रत्येक फाईल तो कुलूप घालून द्यायचा. वाचा, छापा, पण आतला एक काना बदलायचा म्हटलं तरी पासवर्ड हवा, आणि तो फक्त त्याला ठाऊक. गिऱ्हाईक मुकाट परत यायचं. रखमाबाईलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

चंद्री जांभूळ गावाच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिची भारती दहावी झाली, तिला मुलींच्या वसतिगृहात घालायचं होतं. हरिचंद्रने अर्ज केला तो नेहमीच्या रीतीने: आधीच्या मुलीचा अर्ज उघडायचा, तिचं पुसायचं, हिचं घालायचं. नाव बदललं, गाव राहिलं. भारतीच्या अर्जात वांगणी ठाण मांडून बसली. शेवटच्या दिवशी बदलापूरला वसतिगृहाच्या ऑफिसातल्या बाईंना ते दिसलं. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, मेलवर फाईल आलेलीच आहे, इथेच दुरुस्त करते. पण फाईल काही हलेना. चंद्रीने तिथूनच दुकानात फोन लावला.

शुक्रवार होता, कॅम्पात सकाळपासून वीज नव्हती, कॉम्प्युटर आंधळा. फोनवर एक शब्द सांगायचा, एवढंच काम. हरिचंद्रने तोंड उघडलं, समोरच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं, आणि म्हणाला, वीज आली की मीच करतो, इकडे या. वीज आली साडेपाचला. तोवर ऑफिसला टाळं आणि भारतीचा अर्ज बाद.

दुसऱ्या दिवशी चंद्री दारात उभी राहिली. हरिचंद्र तिला नियम सांगत बसला, फाईलमध्ये कुणी भलतंसलतं घुसवलं तर टायपिस्टचं नाव खराब होतं, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं, कुलपाचं ते एक वाक्य बोलली आणि गेली.

संध्याकाळी दुकान आवरताना रखमाबाईने विचारलं, "असा काय शब्द होता हो, की तोंडातून निघेना?"

त्याने तो पाठकोऱ्या कागदावर लिहून पुढे सरकवला. रखमाबाई दुसरी पास, तीही मराठीत. इंग्रजी अक्षरं तिला काय कळणार. म्हणाली, वाचा की.

"तुझंच नाव आहे," तो खाली बघून म्हणाला. "दारात चार माणसं उभी होती गं. बायकोचं नाव कसं घेणार?"

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. 'अगं' आणि 'ऐकलंस का' याखेरीज या माणसाने तिला हाक मारलेली नव्हती. दुसऱ्या एखाद्या दिवशी हे ऐकून ती लाजेने लाल झाली असती. त्या दिवशी तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. आपण कधी कुणाच्या वाटेत आलो नाही, आणि आपलं नाव एका पोरीच्या वर्षाला आडवं पडलं.

पाड्यावर जायला हरिचंद्रचा पाय उचलेना. आठ दिवसांनी रखमाबाईच त्याला घेऊन गेली. चंद्रीने पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. तो "चुकलो" म्हणाला.

"मला काय सांगता? वरीस तिचा गेला."

भारती दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेली होती. दोघं बांधावरून तिथवर गेली. गुडघाभर चिखलात उभ्या पोरीपुढे त्याने हात जोडले. ती बिचारी इतकी अवघडली, की हातातली रोपं सांभाळू की ओढणी, तिला सुचेना. रखमाबाई दुसरीकडे बघत राहिली.

पुढच्या साली भारतीने त्याच दुकानात, त्याच्याच खुर्चीत बसून आपला अर्ज आपण टाईप केला. कोऱ्या पानावर. हरिचंद्र बाहेर उभा. जागा मिळाली. पण गेलेलं वर्ष काही त्यात भरून निघालं नाही, आणि चंद्री पुन्हा कधी त्याला मास्तर म्हणाली नाही.

त्यानंतर दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो जुन्या फाईली काढायचा. एकेक उघडून पासवर्ड घालायचा, कुलूप काढायचा आणि ज्याची त्याला पाठवून द्यायचा. कुणी फोनवर पासवर्ड विचारला तर भर दुकानात मोठ्याने सांगायचा. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल व्हायच्या. शेजारचा सिंधी कापडवाला म्हणाला, "भाभी, पूरे कॅम्प में आपका ही नाम चल रहा है." रखमाबाईला हसू आलं नाही.

ज्यांचा मेलचा पत्ता त्याच्याकडे नव्हता, त्यांच्या घरी तो पेनड्राइव्ह घेऊन जायचा. तो वारला त्याच्या आदल्या दिवशीही तसाच गेला, अंबरनाथला, भीमराव म्हणून एक म्हातारे होते त्यांच्या भाडेकराराची फाईल द्यायला. छातीत जड वाटतंय म्हणत होता. रखमाबाई म्हणाली, राहू द्या आजचं. तो चपला घालून निघालासुद्धा.

भीमरावांच्या सुनेने नंतर सांगितलं, तिथे त्याने तिला लॅपटॉपपुढे बसवलं, फाईल उघडायला लावली. "एक अक्षर टाका." तिने टाकलं. "आता पुसा." तिने पुसलं. मग त्याने पेनड्राइव्ह खिशात घातला, चहा नको म्हणाला आणि जिना उतरला.