मीनूच्या कानांची तपासणी

माझी मुलगी मीनू बोलायला शिकली आणि बालमंदिराच्या बेन, म्हणजे बाई, म्हणाल्या, आधी हिचे कान तपासून आणा.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सुरतेत बमरोलीला राहत होतो आम्ही. प्रवेशासाठी बेननी एवढंच विचारलं होतं, "बेटा, तारुं नाम शुं?" मीनूने तोंडाशी हाताचा कर्णा केला आणि "मीनूऽऽऽ!" असं सांगितलं, की मागची पोरं रडायला लागली. (एक झोपलेलं होतं, तेही!) मग खात्रीसाठी तिने नाव पुन्हा सांगितलं. ऐकू न येणारी मुलंच असं बोलतात, बेन म्हणाल्या. प्रवेश अडला.

"पोर बहिरी नही शे," एवढंच बोलून माझी बायको सुनंदा भाकरी थापत राहिली. पण माझं मन मला खात होतं. थंडीत मीनूला टोपीशिवाय सायकलवर बसवून चलथाणला उसाचा रस प्यायला कोणी नेलं? मी! गणपतीत तिला खांद्यावर घेऊन ढोलासमोर कोण नाचलं? मीच!

दवाखान्यात कानाचे डॉक्टर मीनूच्या पाठीमागे जाऊन कुजबुजले, "चॉकलेट खायेगी?"

"दोऽऽन!"

कंपाउंडर आत धावत आला. कान ठणठणीत होते! तरी मी माझे गुन्हे कबूल करायला बसलो. सायकल सांगून झाली, ढोलावर आलो, तोवर डॉक्टर खुर्ची सरकवत भिंतीला टेकले होते.

"भाई, काम क्या करते हो?"

मी हाताचा कर्णा केला. "लूम चलाता हूँ! लूम!"

"धीरे. मैं सामने ही बैठा हूँ."

दिवसभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात शेजारच्या कारागिरालाही ओरडून, तेही दोनदा सांगावं लागतं. तीच सवय घरी. मीनूने माझा हेल, हात, दोनदा सांगणं, सगळं उचललं होतं. (गल्लीत सगळेच कारागीर, कोणाला वेगळं वाटणार?) सुनंदा म्हणे हे लग्नापासून सांगत होती. मला ऐकू आलं नव्हतं.

मग आम्ही बापलेक कुजबुजायचा सराव करू लागलो. मीनू चटकन शिकली. बेनना तिने नाव इतकं हळू सांगितलं, की त्यांनीच वाकून कान पुढे केला. प्रवेश मिळाला!

घरी येऊन मी ही बातमी सुनंदाच्या कानात सांगितली, अगदी कुजबुजत.

मागच्या गल्लीतले दोघे लगेच पेढे मागायला दारात हजर.